बीडीडीतला बीडी

डिलाईल रोडला ना. म. जोशींचं नाव देऊन कितीतरी वर्षं झाली, पण टॅक्सीवाला, पोस्टमन आणि चाळीतली माणसं अजून डिलाईल रोडच म्हणतात. तिथल्या बत्तीस बीडीडी चाळींपैकी एकीत, दुसऱ्या मजल्यावर, पॅसेजच्या टोकाला एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. खोली एकशे साठ चौरस फुटांची, माणसं पाच. त्या घरातला मुलगा बी.कॉम. झाला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत हिशेब लिहायला लागला आणि दोन वर्षांनी, २०१८ च्या उन्हाळ्यात, नोकरी सोडून बी.डी. करायला निघाला. बी.डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. पाळक व्हायचं तर ही पदवी घ्यायची.

चाळीला चघळायला विषय मिळाला. "बीडीडीतून बीडी? एक डी कुठं गाळलास रे?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "शिकायला लागतं होय त्यात? आमचा म्हातारा न शिकता रोज दोन बंडलं ओढायचा."

घरात मात्र कोणी हसत नव्हतं. आजोबा नगरकडच्या दुष्काळातून पळून गिरणीत आलेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते साच्यावरून उतरले, ते पुन्हा चढलेच नाहीत. वडील रुग्णालयात वॉर्डबॉय. तिसऱ्या पिढीत पहिल्यांदाच घरात महिन्याच्या एक तारखेला नेमका पगार यायला लागला होता आणि तोच आता बंद होणार होता.

वडिलांनी आधी पगाराचं विचारलं, मग पदवीचं. "डिग्री पुण्याची ना?"

"शिकायचं पुण्यात. पदवी सेरामपूरची."

"म्हणजे आपलं श्रीरामपूर? तिथं ऊस नि साखर कारखाना. पाळक कधी तयार व्हायला लागले?"

मंडळीचे पाळकसाहेब त्या दिवशी घरी आलेले होते. चहाची बशी खाली ठेवत त्यांनी सांगितलं, की हे सेरामपूर बंगालमधलं, हुगळीकाठचं. तिथं डेन्मार्कची वसाहत होती. विल्यम केरी आणि त्याच्या दोन सोबत्यांनी १८१८ मध्ये तिथं कॉलेज काढलं आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजानं त्याला पदव्या द्यायची सनद दिली. आजही देशभरातल्या अनेक सेमिनऱ्यांतली पोरं शिकतात आपापल्या गावी, पण पदवीचा कागद सेरामपूरचा असतो.

वडिलांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे पोरगा डिलाईल रोडचा, कॉलेज पुण्याचं, डिग्री बंगालची आणि परवानगी डेन्मार्कच्या राजाची. आणि पगार कोण देणार?"

याचं उत्तर पाळकसाहेबांकडेही नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली होती.

खरा विरोध मात्र वडिलांचा नव्हता. तो होता भाऊंचा. भाऊ महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले. पहाटे चारला उठून भागातल्या पाण्याच्या चाव्या फिरवायच्या, कुठल्या चाळीला कधी पाणी सोडायचं ते सांभाळायचं. मंडळीत त्यांना पद कुठलंच नव्हतं, पण वजन पाळकसाहेबांपेक्षा जास्त. आवाज खणखणीत. शास्त्रातली वचनं अध्यायासकट तोंडपाठ. कोणी आजारी पडलं की रिक्षात घालून न्यायला भाऊ, रात्री रक्त मिळवायला भाऊ, दफनभूमीत मातीला हात लावायला पहिले भाऊ. बुधवारची घरसभा तेच चालवायचे. एका बुधवारी त्यांनी सगळ्यांदेखत विषय काढला.

"पेत्र कुठल्या कॉलेजात गेला होता? कोळी माणूस. आपल्या वरळीच्या कोळीवाड्यात असतात तसा. हाक आली, जाळं टाकलं आणि निघाला. आत्मा शिकवतो. पुस्तकं वाचून पोरं थंड होऊन परत येतात, मी पाहिलीत."

लोकांनी माना डोलावल्या. मुलाला काही सुचेना. पाळकसाहेब कोपऱ्यातून म्हणाले, "भाऊ, पेत्र तीन वर्षं गुरूच्या मागं पायी हिंडला. बरोबर जेवला, बरोबर झोपला, चुकला, सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. याहून कडक होस्टेल मला तरी माहीत नाही. आणि पौल तर यरुशलेमेत गमलिएलाच्या पायाशी बसून रीतसर शिकलेला."

पाळकसाहेब स्वतः सेमिनरी यवतमाळला होती तेव्हाचे विद्यार्थी. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला बिबवेवाडीला हलली. हे तिथून त्याआधी बाहेर पडले. मुलाला जिन्यापर्यंत सोडायला येताना त्यांनी केडगावच्या रमाबाईंची गोष्ट सांगितली. संस्कृतातली एवढी मोठी पंडिता, पण पंचेचाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक धरून बसली, कारण तिला सगळं शास्त्र मुळातून साध्या बायाबापड्यांच्या मराठीत आणायचं होतं. मधे पोटची मुलगी गेली. काम थांबलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या आणि मुक्ती सदनातल्या बायकांनी स्वतः खिळे जुळवून १९२४ मध्ये ते छापून पुरं केलं. "तिला कोणी म्हणालं असेल का, की आत्मा शिकवतो, कशाला डोळे फोडतेस?" पाळकसाहेब म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "म्हणालं असेलच."

मुलगा जूनमध्ये पुण्याला गेला. पुढच्याच महिन्यात, अंधेरीचा पूल कोसळल्यावर झालेल्या तपासणीत, लोअर परळ स्टेशनावरचा डिलाईल रोडचा पूल धोकादायक ठरला आणि बंद झाला. तो पुरता सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. पोराची चार वर्षांची पदवी त्याच्या आधी झाली.

सेमिनरीत खोलीत चौघं: एक नागालँडचा, एक ओडिशाचा, एक केरळचा आणि हा. पहाटे ग्रीकची रूपं. लोगॉस, लोगू, लोगो, लोगॉन, असं पाढ्यांसारखं घोकायचं. हिब्रू उजवीकडून डावीकडे, तेव्हा वह्या मागून भरायच्या. मंडळीचा इतिहास, ईश्वरज्ञान, उपदेशाचं शास्त्र, इतर धर्मांचा अभ्यास. सुट्टीत घरी आला की मोरीत दात घासतानाही त्याचं लोगॉस-लोगू चालायचं आणि वडील म्हणायचे, "बी.कॉम.ला एवढं घोकलं असतंस तर सी.ए. झाला असतास."

पण त्याला खरी ठेच लागली ती भाषेत नाही, रुग्णालयात. दर शनिवारी विद्यार्थ्यांनी वॉर्डात जाऊन रुग्णांशी बोलायचं आणि परत आल्यावर तो संवाद आठवून जसाच्या तसा लिहायचा. तो म्हणाला, मी म्हणालो, तो म्हणाला, मी म्हणालो. शब्द सुधारायचे नाहीत. पाय कापलेल्या एका हमालाशी झालेलं बोलणं यानं पानभर लिहून दिलं. जुना करार शिकवणाऱ्या मॅडमच हे कागद तपासायच्या. त्यांनी शेरा लिहिला नाही, नुसती मोजणी केली. रुग्णाची वाक्यं चार. विद्यार्थ्याची सव्वीस.

त्याच मॅडमनी दुसऱ्या वर्षी ईयोबाचं पुस्तक शिकवलं. ईयोबाची कथा आपल्याला साधारण ठाऊक असते: भला माणूस, एका दिवसात गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले, तरी धीर सोडला नाही, शेवटी सगळं दुप्पट मिळालं. घरसभेत एवढंच सांगतात. पण हे पहिल्या दोन आणि शेवटच्या अध्यायातलं. मधे चाळीसेक अध्यायांची कविता आहे आणि तिच्यात धीरबीर काही नाही, भांडण आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघं मित्र ईयोबाला समजावतात, की देव न्यायी आहे, उगाच कोणाला मारत नाही, तेव्हा तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोब म्हणतो, नाही. आणि शेवटी देव बोलतो तेव्हा रागावतो तो मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, म्हणतो.

मॅडमनी काम दिलं होतं, की या मित्रांची कुठली वाक्यं चुकीची आहेत ते शोधून आणा. हा ग्रंथालयात बसला आणि दोन दिवसांनी घाबरून उठला. वाक्यं चुकीची नव्हती! त्यातली कितीतरी नीतिसूत्रांत आहेत, स्तोत्रांत आहेत. अलीफजाचं एक वाक्य तर पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात शास्त्रवचन म्हणून उचललंय. ज्याच्यावर देव रागावला, त्याचंच बोलणं प्रेषित आधाराला घेतो, हे कसं? त्यानं तसंच लिहून दिलं: वाक्यं बरोबर आहेत, तरी देव रागावलाय, मला उलगडा होत नाही. वही परत आली तेव्हा समासात मॅडमच्या लाल शाईत एकच शब्द होता: "कोणाला?"

इथं मला अलीफजाची बाजू घ्यावीशी वाटते. तो वाईट माणूस नव्हता. लांबून आला, मित्राची दशा पाहून रडला आणि सात दिवस सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसला. आपल्यातली किती माणसं कुणाच्या दुःखाशेजारी सात दिवस बसतात? आपण अर्ध्या तासात घड्याळ बघतो. त्याचं बिघडलं ते आठव्या दिवशी, तोंड उघडल्यावर.

डिसेंबर २०१९. नाताळची सुट्टी लागून मुलगा घरी आलेला. पॅसेजमधल्या ख्रिस्ती दारांवर चांदण्या लागल्या होत्या, आईची करंज्यांची कणीक भिजत होती. पूल बंद होऊन दीड वर्ष होत आलं होतं. समोरच्या खोलीतल्या मावशींचा धाकटा घरोघर खाणं पोचवायचं काम करायचा. रविवारी ऑर्डरी जास्त, म्हणून गेलं वर्षभर उपासनेला येत नव्हता. त्या दिवशी गाडी नादुरुस्त म्हणून पायी होता. पलीकडे जायला वळसा नको म्हणून रूळ ओलांडायला गेला. बातमी आली तेव्हा मावशी नळावर होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शवविच्छेदन व्हायचं होतं. खोली माणसांनी भरली. बायका आत जमिनीवर, पुरुष पॅसेजमध्ये भिंतीला टेकून, हिंदू शेजारी, बौद्ध शेजारी, सगळे. दारावरची चांदणी कोणीतरी बटण दाबून बंद केली होती. पाळकसाहेब नगरला गेलेले, ते रात्रीपर्यंत पोचणार. तेव्हा प्रार्थना भाऊंनी केली. प्रार्थना चांगली झाली. ती संपल्यावर भाऊ बोलायला लागले. ते मावशींना दुखवायला बोलत नव्हते. जमलेल्या तरुण पोरांना सावध करावं, अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

"देव आधी हाक मारतो," ते म्हणाले. "मग इशारा देतो. वर्षभर हे लेकरू प्रभूच्या घरात आलं नाही. आपण सांगितलं होतं. आपण ऐकत नाही, मग देव आपल्याला कळेल अशा रीतीनं बोलतो."

पॅसेजमधल्या एक-दोघांनी हलकेच "आमेन" म्हटलं. मावशी तोवर रडत होत्या, त्या थांबल्या. त्यांनी भाऊंकडे पाहिलं नाही. पदरानं तोंड पुसून दाराशी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं.

"तू शिकतोस ना रे? खरंय का हे? माझ्या लेकराला देवानं मारलं?"

मुलानं या विषयावर सहामाहीला दहा गुणांचं उत्तर लिहिलेलं होतं. जगात दुःख का, याच्या चार-पाच उपपत्ती त्याला नावानिशी ठाऊक होत्या, ऑगस्टीनपासून पुढच्या सगळ्या. पण त्यातली एकही त्या खोलीत शिरायला तयार होईना. सगळ्या दारातच चपलांपाशी थांबल्या. भाऊंना उलटून बोलायची त्याला भीतीही वाटत होती. त्याच्या आजीला शेवटच्या आजारात दुसऱ्या मजल्यावरून उचलून खाली नेलं होतं ते भाऊंनीच.

"नाही, मावशी," तो म्हणाला.

"नाही काय नाही? उगाच समजूत नको घालू."

"समजूत नाही घालत. यावर येशू बोललाय. शिलोहाला बुरूज कोसळला होता, अठरा माणसं खाली सापडून मेली. ती माणसं इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं त्यानंच लोकांना विचारलं. तो म्हणाला, नाही. लूकमध्ये आहे, तेराव्या अध्यायात."

भाऊ लगेच म्हणाले, "पुढचं सांग. अर्धं सांगू नको. तिथंच पुढं पश्चात्तापाचं आहे. पश्चात्ताप केला नाही तर तुमचीही तीच गत, असं आहे की नाही?"

भाऊंचं पाठांतर चोख होतं. पुढं तसंच आहे. पॅसेजमधली माणसं आता मुलाकडे बघायला लागली. तो क्षणभर गप्प झाला आणि त्याच्या डोळ्यांसमोर समासातला लाल शब्द आला.

"आहे, भाऊ. पण ते कोणाला म्हटलंय? मेलेल्या अठरांबद्दल तो नाही म्हणाला आणि विषय मिटवला. त्यांच्या आयांना तर तो काहीच म्हणाला नाही. पश्चात्तापाचं बोलला ते समोर उभं राहून ऐकणाऱ्यांना. दुसऱ्याच्या मरणावरून त्याच्या पापाचा हिशेब जे मांडत होते, त्यांना. म्हणजे ते वाक्य आपल्यासाठी आहे. तुमच्या-माझ्यासाठी. मावशींसाठी नाही, धाकट्यासाठी तर नाहीच."

खोलीत कोणी बोललं नाही. बाहेर रस्त्यावर टेम्पो मागे घेत होता, त्याचं टिंव टिंव तेवढं ऐकू येत होतं.

"म्हणजे माझ्या पोराला नाही म्हटलं?" मावशींनी पुन्हा विचारलं.

"नाही."

"शास्त्रात लिहिलंय असं?"

"लिहिलंय. दाखवू?"

"मला कुठं वाचता येतंय," मावशी म्हणाल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, "त्याचा निळा शर्ट इस्त्रीला दिलाय, कोणाला तरी पाठव. तोच घालायचाय." आणि मग त्या जोरात रडायला लागल्या.

भाऊ उठून बाहेर गेले. संध्याकाळपर्यंत पॅसेजमध्ये दोन पक्ष पडले. काही म्हणाले, पोरगं शिकून शहाणं झालं, मोठ्यांना तोंडावर बोलतं. काही म्हणाले, बरं बोलला. वडील रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "भाऊंची माफी माग." थोड्या वेळानं म्हणाले, "ते वाक्य मागं घेऊ नको. पण माफी माग."

शिवडीच्या दफनभूमीत माती झाली. विधी पाळकसाहेबांनी केला, मातीला पहिला हात भाऊंनीच लावला. मुलाशी ते बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटे मुलगाच त्यांच्यामागं गेला. भाऊ खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून निघाले होते. रस्त्यात एका ठिकाणी झाकण उघडून त्यांनी ती खाली सोडली, वरचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि फिरवायला लागले. चावीवाला आटे मोजतो. किती आट्यांवर कुठल्या चाळीला किती दाब मिळतो ते त्याच्या डोक्यात असतं, कागदावर कुठं नसतं. भाऊ ओठांतल्या ओठांत मोजत होते. मुलगा बाजूला उभा राहिला.

"माफी मागायला आलोय, भाऊ. सगळ्यांसमोर बोललो."

"सात, आठ," भाऊ म्हणाले. "नऊ. तुला माझी बहीण माहीत नाही. दहा. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. संपाचं दुसरं वर्ष होतं. तिला कावीळ झाली. घरात पैसा नव्हता, बाप रोज संपाच्या सभेला. ती गेली, तेव्हा एक जण भेटायला आले. मोठे माणूस होते, उपासना घ्यायचे. ते माझ्या बापाला म्हणाले, तू लाल झेंड्यामागं गेलास, देवाला सोडलंस, म्हणून देवानं लेक नेली."

दांडा थांबला होता.

"बाप त्यानंतर सभेलाही गेला नाही आणि चर्चलाही नाही. खाटेवर बसून राहायचा. मी वीस-एकवीस वर्षांचा. मी ठरवलं, आपण एक रविवार चुकवायचा नाही. एकही नाही. परत कोणाला न्यायला नको." त्यांनी मुलाकडे बघितलं. "आता तू म्हणतोस ते वाक्य आमच्यासाठी नव्हतंच."

"नव्हतं, भाऊ."

"त्या दिवशी आमच्या खोलीत हे पुढचं-मागचं बघून वाचलेला एक माणूस नव्हता रे. पाठ सगळ्यांना होतं."

ते पुन्हा चावी फिरवायला लागले आणि मग थांबले. "किती झाले होते?"

"दहा म्हणालात."

"अकरा असतील," भाऊ म्हणाले, पण त्यांना खात्री नव्हती. त्या दिवशी एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढलं नाही आणि भाऊंना दुपारभर शिव्या खाव्या लागल्या.

या प्रसंगानंतर भाऊ बदलले, मवाळ झाले, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. बुधवारच्या सभेत त्यांचा आवाज तसाच राहिला. एवढं झालं, की शास्त्रभाग वाचताना ते ठरलेल्या वचनावर थांबेनात; मागून दहा ओळी आणि पुढच्या दहा ओळी वाचायला लागले. सभा लांबायला लागल्या. बायका कुरकुरल्या, घरी कुकर लावायचाय म्हणून.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. सेमिनरी बंद झाली, मुलगा घरी आला आणि पुढचे वर्ग मोबाइलवर सुरू झाले. एकशे साठ चौरस फुटांत पाच माणसं दिवसभर, म्हणून तो पॅसेजच्या टोकाला खिडकीखाली स्टूल टाकून बसायचा. भाऊ चाव्या फिरवून आले, की तोंडाला रुमाल बांधून हातभर अंतरावर उकिडवे बसत. त्याच्या कानातल्या दोन बोंड्यांपैकी एक मागून घेत, शर्टाला पुसत आणि कानात घालत. इंग्रजी सगळं कळायचं नाही. "काय म्हणाल्या बाई?" असं विचारून ते त्याला मधेच थांबवत, त्यामुळे त्याच्या वहीत अर्धी अर्धी वाक्यं उरत.

जूनमध्ये मंडळीतला एक गृहस्थ कोविडनं गेला. बायकोला तोंडही बघायला मिळालं नाही. ती आणि दोन मुलं घरातच कोंडलेली, दाराला पालिकेचा कागद. जाऊन भेटणं शक्य नव्हतं. फोन भाऊंनीच करायचा, हे न बोलता सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. भाऊंच्या फोनचा स्पीकर गेला होता आणि दुरुस्तीची दुकानं बंद. ते मुलाकडे आले तेव्हा त्याचा वर्ग चालू होता.

"तुझा फोन दे. आणि एक कर. काय बोलायचं नाही तेवढं सांग. बोलायचं माझं मी बघतो."

मुलानं विचार केला. "देवाची इच्छा होती, असं म्हणू नका. तो चांगल्या ठिकाणी आहे, हे खरंय, पण आज नको. आणि मला कळतंय, असं अजिबात नको."

"वचन?"

"त्यांनी विचारलं तर."

भाऊंना ते पटलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मग उरलं काय?" म्हणाले. पण फोन घेऊन जिन्यात गेले. मुलगा वर्गाबाहेर पडून स्टुलावर बसून राहिला. त्याला भाऊंचा आवाज ऐकू येत होता.

"ताई, मी भाऊ. पाणी येतंय का घरात? दाब कसाय? मोठी बादली भरून किती वेळ लागतो?"

मग बराच वेळ भाऊ काही बोलले नाहीत. पाऊण तासानं फोन परत आणून दिला तेव्हा तो तापला होता आणि बॅटरी संपत आली होती. "त्यांना रॉकेल हवंय," भाऊ म्हणाले, "आणि धाकट्याचं औषध." आणि ते आणायला गेले.

मॅडमचा संदेश आला: वर्गातून मधेच का गेलात? त्यानं घडलं ते लिहिलं. मॅडमनी तो संवाद जसाच्या तसा लिहून मागवला, म्हणून संध्याकाळी त्यानं भाऊंना बसवून, आठवून आठवून उतरवून घेतला. भाऊंची वाक्यं सात निघाली, त्यातली पाच पाण्याबद्दलची. मॅडमनी तो कागद पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. हजेरी काही लावली नाही.